डावीकडे दोन, उजवीकडे चार

पहाटे साडेपाच. मोरजी.
इनासच्या तावेर्नात टीव्हीवर बर्फ पडतोय
आणि आम्ही सातजण, रापणीआधीचा चहा फुंकत,
असा फुटबॉल बघतोय ज्यात पायाला काम नाही.
'हा कसला फुटबॉल,' सगुण पागी पुन्हा म्हणतो,
'चेंडू तरी गोल करायचा.'

रुझार उत्तर देत नाही.
अकरा वर्षं तो तिकडे होता, एका थंड शहरात,
स्टेडियमच्या पोटातल्या लाँड्रीत.
त्रेपन्न माणसांचे मळके शर्ट, दर आठवड्याला.
खेळ तो डागांवरून वाचायला शिकला.

आज त्याच्या टीमचा क्वार्टरबॅक खांदा धरून बसलाय,
दुसरा लंगडतोय,
आणि म्हाताऱ्या कोचने तळाच्या पेटीतून
आजोबांच्या काळातली मांडणी बाहेर काढलीय:
सिंगल विंग.
'थांबा, दाखवतो,' म्हणत रुझार
रात्रीच्या तिसऱ्यांची टरफलं टेबलावर मांडतो.
मधे एक. डावीकडे दोन. उजवीकडे चार.
चारांच्याही बाहेर, जरासा मागे, आणखी एक. तो पंख.
एकच.
'असला पक्षी उडेल?'
'उडायचं नाहीच त्याला. चालायचंय.'

चेंडू थेट मागच्या धावणाऱ्याच्या हातात.
फेकाफेक नाही.
कुठून जाणार ते सगळ्या स्टेडियमला ठाऊक,
समोरच्या अकराजणांना ठाऊक,
इनासच्या मांजरीलाही ठाऊक. उजवीकडून.
तरी जातो. तीन यार्ड.
पुन्हा उजवीकडून. चार.
पुन्हा. सव्वादोन,
चिऱ्यावर चिरा ठेवावा तसं, घाम पुसत.

'मग सगळेच असं का खेळत नाहीत?' मी विचारतो.
रुझार कपातली साय बोटाने बाजूला करतो.
'धावणारा महाग असतो, बाब.
दर वेळी तिघे-चौघे पडतात अंगावर.
ऑक्टोबरपर्यंत त्याचा शर्ट धुता येतो.
डिसेंबरात मी तो नुसता भिजत घालायचो.
आणि समोरचेही काही दगड नाहीत,
एक रविवार फसतात. दुसरा नाही.'

मग म्हणतो, 'चेंडू बघू नका. सहासष्ट बघा.'

सहासष्ट. पोट सुटलेला, डाव्या दोघांतला आतला.
चेंडू हलतो आणि हा आपली जागा सोडतो,
रांगेच्या मागून उजवीकडे पळत सुटतो,
कुणाला तरी खांद्याने उचलून बाजूला टाकतो
आणि स्वतःही बर्फात पडतो.
तोवर कॅमेरा पुढे निघून गेलेला.
'त्याचा शर्ट मी डोळे मिटून ओळखायचो.
डाव्या खांद्यावर गवत. नेहमी तिथेच.
चेंडूच्या कातड्याचा वास कधीच नाही.'

बाहेर पोदेराचा पों पों.
इनास पाव घ्यायला उठला, नेमका पडद्यापुढे,
त्यात एक डाव गेला. शिव्या.
चौथा डाव, दोन यार्ड, सहा मिनिटं बाकी
आणि किनाऱ्यावरून तांडेलाची हाक:
होडी सुटली.

आम्ही उठलो. रुझार नाही.

रापणीचा दोर असा:
ओढत ओढत मागे जायचं,
शेपटाला पोचलं की सोडायचं,
आणि रांगेच्या मागून पाण्यापर्यंत पळत येऊन
पुन्हा पुढून धरायचा.
चाळीस वर्षं हेच करतोय मी.
आज पळताना डावा खांदा आपोआप पुढे गेला.
सगुण हसला, 'कुणाला पाडतोस रे?'

आठच्या सुमारास रुझार वाळू तुडवत आला.
पँट दुमडली, माझ्या मागे दोर धरला.
जाळ्यात दीड टोपली तारले,
दोन खेकडे, कुणाची तरी चप्पल.
'हरले,' तो म्हणाला.
'धावून किती?'
'दोनशे एकोणतीस.'
'आणि सहासष्ट?'
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दोराकडे.
'त्याचे यार्ड लिहीत नाहीत,' म्हणाला.
'ओढ.'