काटा

तार्तूच्या हॉस्टेलात, चौथ्या मजल्यावर,
केर्तू बदाम मोजते. अकरा.
बारावा परत बरणीत.

शिबिरात सांगितलं होतं, घास बत्तीस वेळा चावा,
मन ताटात ठेवा.
तिनं ठेवलं.
मग ते तिथून उठेचना.
तासाला, बसमध्ये, रासमुसनं पुलावर हात धरला तेव्हाही
ते बिटाच्या फोडींत बसून
आकडे लावत राहिलं.

त्रीनूच्या वाढदिवसाला केक कापला.
केर्तूनं खोक्याची मागची बाजू वाचली, बारीक अक्षरांसकट,
आणि डब्यातून आपला उकडलेला फ्लॉवर काढला.
कुणी काही बोललं नाही.
तिच्या नावाची बशी तेवढी
कोरडी परत गेली फळीवर.

रात्री दोन. फ्रिजचा उजेड.
त्रीनूच्या वडिलांनी बेटावरून पाठवलेला काळा पाव,
फडक्यात गुंडाळलेला, आंबूस.
केर्तू कडेची कोर मोडते, वजन करायला.
कोर हातातून निसटते.

पडलेला पाव उचलून त्याचा मुका घ्यायचा,
हे लहानपणचं, हाताला पाठ.
ती उचलते. ओठांना लावते.
लावूनच उभी राहते, थंड फरशीवर, अनवाणी.

कट्ट्यावर काटा शून्य दाखवत वाट पाहतो,
थोडा वेळ,
मग आपोआप विझतो.