बारा नंबरचा पाना

बारा नंबरचा पाना
सकाळी सातपासून शोधतोय.
काल होता. काल म्हणजे परवा असेल.
फणसाच्या फळीचं टेबल, आठ फूट लांब,
आणि वीतभर जागा नाही हात टेकायला:
कुबलांच्या होडीचा फ्युएल पंप, पोट उघडं,
नॉझल तीन, कुठलं कुणाचं कोण जाणे,
बरणीत नटबोल्ट, तिचं झाकण दुसऱ्याच बरणीवर,
पेपरात बांधलेली सोलं, कुणाला तरी पोचवायची होती,
गेल्या सालचं कॅलेंडर, त्यावर ग्रीसच्या बोटाने लिहिलेला
फोन नंबर. नाव नाही.

बंदी उठायला चार दिवस.
सर्जेकोटच्या जेटीवरून तासातासाला कुणी डोकावतं,
"माझा इंजान झाला काय रे?"
"होतला," म्हणतो.
तो होतलाही इथेच पडलाय,
कशाखाली तरी.

नऊला लवूवर ओरडलो.
पोरगा चहा घेऊन आलेला,
एवढंच विचारलं त्याने, कप खंय ठेवू?
खरंच, कुठे ठेवणार होता?
उभा राहिला तसाच. चहावर साय धरली.

साडेदहा. काम शून्य,
खांदे मात्र इंजिन उचलल्यासारखे.
एक वस्तू उचलावी तर तिच्याखाली
दुसरं काम डोळे वटारून बसलेलं.
तिला पुन्हा त्याच्यावर झाकण घालतो.
दर्याला निदान ओहोटी असते.

मग मासळीचा रिकामा क्रेट ओढला
आणि कोपराने एक कोपरा सारला त्यात.
हाताला लागला इंपेलर,
दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: बाबल मेथर.
बाबल गेला त्याला दोन शिमगे झाले.
होडी पोराने विकली, पोरगा गोव्यात.
हे न्यायला कुणी येणार नाही,
आणि मी रोज याच्याभोवतीने हात वळवत होतो,
जणू तो आत्ता येईल, विडी मागेल,
घाई नाही म्हणेल.

क्रेटमध्ये टाकवला नाही.
खिडकीत ठेवला, खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून.

जागा झाली. ताटाएवढी.
लवूने न विचारता कप ठेवला तिथे,
मी काही बोललो नाही, गार चहा प्यालो,
कप बाजूला केला, पंप ओढला.

पाना नाहीच मिळाला.
तेराच्या पान्यात पत्र्याची चीप घालून
पहिला नट सैल केला.
गंजलेला होता, किरकिरला,
मग फिरला.