हातचा एक

सभागृहाच्या दप्तरात नोंद अशी आहे:
मोराग किनिबरो, विरोधी बाक, अर्थ आणि कर.
दुरुस्त्या दोनशे सात. मंजूर शून्य.
बेरीज बरोबर आहे, मीच तपासली.
हातचा कुणी विचारला नाही.

त्यांचे प्रश्न सोमवारी यायचे,
वेलिंग्टनचा वारा खिडकीची कडी खिळखिळी करत असताना,
कधी चाळीस, कधी साठ.
उत्तरं मंत्री द्यायचे.
लिहायचो मी.

एकोणीस वर्षं. मंत्री सहा झाले,
तिसऱ्या मजल्यावरचं टेबल एकच.
त्यांचा पक्ष सत्तेत आलाच नाही,
एकदा दोन जागांनी हुकली.
मी लिहिलं, "माहिती संकलित करण्याचं काम सुरू आहे",
तर पुढच्या सोमवारी प्रश्न:
ते काम करतंय कोण, आणि त्याचा चहा झाला का?
मी करत होतो.
झाला नव्हता.

दुखणं एकच. कलम एकशे त्रेचाळीस.
थकलेल्या करावर व्याज कधीपासून?
"नोटीस रवाना झाल्याच्या दिनांकापासून."
आणि नोटीस तर मटॉरा नदीच्या अलीकडे
टपालाच्या पिशवीत, पूर आला की दोन दोन आठवडे,
निवांत व्याज खात पडलेली.
"रवाना झाल्याच्या" खोडा, "हाती पडल्याच्या" लिहा,
एवढंच म्हणायच्या त्या, दक्षिणेकडचा र घोळवत.
अकरा वेळा म्हणाल्या.
घंटा व्हायची, सभासद धावत यायचे,
कशावर आहे, असं शेजाऱ्याला विचारत
विरुद्ध मत देऊन परत जायचे.

अकराव्या वेळी त्यांनी एक पाकीट आणलं.
एफी मॅकस्किमिंग, कातरणीच्या शेडवरची स्वयंपाकीण.
शिक्का तीन तारखेचा, खाली पेन्सिलीनं: सोळाला मिळालं.
व्याज चार डॉलर दहा सेंट.
सभागृह हसलं.
"हसा," त्या म्हणाल्या,
"पण हे चार डॉलर दहा सेंट
कुठल्या रकान्यात जमा केलेत, तेवढं सांगा."

रकाना मला माहीत होता.
उत्तरात मी लिहिलं: इतर.
त्या रात्री जेवताना
बायकोनं दोनदा मीठ मागितलं,
मला ऐकू आलं नाही.

दोन वर्षांनी सुलभीकरणाचं विधेयक निघालं,
चौऱ्याऐंशी पानं, मसुदा माझा.
पान एकसष्टवर मी दोन शब्द बदलले.
वरच्यांनी सही केली, त्याच्या वरच्यांनी केली,
मंत्री भाषणात "संवेदनशील" तीनदा म्हणाले
आणि एकदा पाणी प्यायले.

त्या पेन्सिल घेऊन वाचत होत्या.
एकसष्टवर थांबल्या.
चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीला पुसला, परत घातला.
अधिकाऱ्यांच्या कोपऱ्याकडे पाहिलं,
माझ्याकडे, की माझ्यामागच्या घड्याळाकडे,
अजून सांगता येत नाही.

मग उभ्या राहिल्या.
"सभापती महोदय, पान बासष्ट.
स्वल्पविराम चुकलाय."

चुकला होता.