दरम्यान

फॉर्ममध्ये दोन फोटोंची जागा आहे,
एक आधीचा, एक नंतरचा.
दोन्हींत लाभार्थीनं दारासमोर उभं राहायचं,
चेहरा स्पष्ट, अक्षांश-रेखांशासकट.

मैमून शिकलगारचा आधीचा फोटो मीच काढला.
जयंती नाल्याच्या कडेला तीन पत्रे आणि एक फ्लेक्स.
फ्लेक्सवर कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा,
छापील बाजू आतून,
म्हणजे झोपताना वर बघावं तर
गळ्यात साखळी घातलेले साहेब, हात जोडून, उलटे.
"त्येनी दिलं काय न्हाई," ती म्हणाली,
"पर पाणी अडवत्यात. खोटं कशाला बोलू?"

पत्र्यावर गाळाच्या दोन रेघा होत्या,
एक एकोणीसच्या पुराची, एक एकवीसच्या.
वरची कुठली, यावर शेजारणीशी तिचं
अजून मिटलेलं नाही.

प्रतिज्ञापत्र मी वाचून दाखवलं :
भारतात कुठेही माझ्या नावे पक्के घर नाही.
"सगळा भारत बघून आलासा व्हय?"
असं म्हणून तिनं अंगठा उठवला.

मंजुरी आली. पहिला हप्ता खात्यावर पडला.
तिसऱ्या दिवशी ती जिन्याखालच्या आमच्या कक्षात हजर.
पाया खणायचा तर आधी पत्रे काढाय पायजेत.
"आनि पत्रे काढल्यावर मी ऱ्हातो कुठं?"

मी शासन निर्णय चाळला, मग शुद्धिपत्रक,
मग शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक.
हेल्पलाइनवरची बाई गोड आवाजात म्हणाली,
आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
आधी होतं. नंतर होतं.
दरम्यानचा रकाना कुठंच नव्हता.

मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत, तिथंच पडेल म्हणाली.
सून बाळाला घेऊन गडहिंग्लजला, माहेरी.
ती स्वतः रेशन दुकानाच्या पायरीवर :
दुकान आठला बंद, नऊला उघडतं,
तेरा तासांचं घर, डिपॉझिट नाही.
राहिली पेटी.
दोन्ही पुरांत डोक्यावरून काढलेली,
आत सासऱ्याचं शाणेचं चाक, कागदपत्रं,
आणि कशात तरी गुंडाळलेलं काहीतरी, जे मी विचारलं नाही.

ठेवा इथं, मी म्हणालो.
कुठल्या नियमानं, ते मला विचारू नका.
माझी नेमणूक अकरा महिन्यांची,
खोलीचा करारही अकरा महिन्यांचा,
दोन्ही एकाच तारखेला संपत नाहीत, एवढंच सुख.

साहेबांनी एकदा वाकून बघितलं.
"टेबलाखाली काय आहे?"
"प्रलंबित," मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली आणि चहाला गेले.

दर शनिवारी ती यायची, पेटी उघडून नुसती बघायची,
पुन्हा लावायची. एकदा मात्र चाक बाहेर काढलं,
आवारात बसली, ऑफिसची कात्री, कटर,
कँटीनच्या सुऱ्या, कुणाचा तरी अडकित्ता,
सगळ्याला धार लावून दिली.
ठिणग्या बघायला वसुली विभाग खाली उतरला.
पैसे विचारले तर म्हणाली, भाडं समजा.

लिंटेलपर्यंत भिंती आल्या आणि काम थांबलं.
पासबुकावर मैमून दीर्घ, आधारवर ऱ्हस्व.
एका उकारापायी दुसरा हप्ता अडकला.
मी पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र.
ती बराच वेळ बाकावर बसून राहिली, मग उठली,
"भिंती झाल्यात न्हवं. पेटी न्हेतो मी.
ती तरी घरात ऱ्हाऊ दे. माझं मी बघतो."

पेटी रिक्षात गेली.
फरशीवर गंजाचा चौकोन राहिलाय,
अडीच फूट बाय दीड.
मी मोजून बघितला, चटई क्षेत्र पावणेचार चौरस फूट.
झाडणारी रोज घासते, जात नाही.
नंतरच्या फोटोची जागा रिकामीच आहे.
मी पाय जरा आवरून बसतो.