पोर्वेनीरची बोट

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला
की चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
मला कधी लागला नव्हता.
एकशे अठरा किलोंची बाई कुठे उडते?
आता अडुसष्ट. आता मीही धरते.

परवा कारखान्यात खेकड्यांच्या वाफेनं ढवळून आलं.
बारा वर्षं याच वाफेत उभी आहे,
एकदाही नाक मुरडलं नव्हतं.
"पुन्हा गोड खाल्लंस ना?" ओरियाना म्हणाली.
मी मान डोलावली. ते सोपं होतं.

बायपासनंतर अंग असंच बोलतं:
मळमळ, चक्कर, दोन घासांनंतर घाम,
न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका.
पाळी तर तेव्हापासून
उधारीवरच्या गिऱ्हाइकासारखी,
आली तर आली.
मग यातलं काय कुणाचं?
हे कापलेल्या पोटाचं गाऱ्हाणं
की त्याच्या खालच्या पोटाची बातमी?
मेला शब्दसुद्धा दोघांना एकच.

गोळी चुकवली नाही मी. रोज रात्री नऊला,
निबाल्दो बातम्या लावतो तेव्हा.
पण जुलैत चार दिवस काहीच टिकेना,
घोटभर पाणीही परत आलं.
त्या पाण्याबरोबर गोळी गेली असेल
तर मला सांगून गेली नाही.
नर्सनं बजावलं होतं,
"वाट आखूड झालीय आतली,
गोळी पुरती मुरेल याचा भरवसा नाही,
दंडात बसवायचं काहीतरी बघू या."
मी तेव्हा नव्या जीन्सचा विचार करत होते.

नऊ वर्षं आम्ही मूल मागितलं.
आधी वजन उतरवा, म्हणाले.
उतरवलं.
मग म्हणाले, अठरा महिने मूल नको,
तुझंच पोषण अजून धड होत नाहीये.
मोजायला हाताची बोटं पुरली नाहीत,
हा अकरावा.

आमच्या औषधांच्या दुकानात
निबाल्दोची मावसबहीण बसते.
म्हणून सामुद्रधुनी ओलांडून पोर्वेनीरला गेले,
दोन तास, एका पातळशा डबीसाठी.
बोट अशी हिंदकळत होती
की सैनिक, मेंढ्यांचे व्यापारी, शाळेची पोरं,
सगळेच पिशवीत तोंड घालून बसलेले.
कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा
माझ्या मळमळीला कारण होतं,
आणि ते माझं एकटीचं नव्हतं.

परतताना बोटीच्या संडासात
एक हात कडीला, एक हात डबीला.
एक रेघ ठळक.
दुसरी आहे,
की लाटेनं डोळ्यांत आणली?
दिव्याखाली धरली. खिडकीशी धरली.
बाहेर पाणी राखाडी, आत मी,
आणि आनंद म्हणावं की भीती,
ते गिळता येईना. तसंही मला आता
एका वेळी चमचाभरच गिळता येतं.

धक्क्यावर उतरून आधी दवाखान्यात फोन लावला,
घरी नाही.
वाऱ्यात ओरडावं लागलं.
"यास्ना," नर्स म्हणाली, "किती दिवस झाले?"
तीनशे एकतीस, मी म्हणाले.
ऑपरेशनच्या दिवसापासून मोजतेच आहे मी,
वहीत, रोज, वजनाशेजारी.

पलीकडे ती थांबली.
पेन ठेवल्याचा आवाज आला.
"ते नाही गं," ती म्हणाली,
"दुसरे दिवस."

मी दोर शोधला. धरला.