खडूच्या रेघा

तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले:
श्वास धरा. हलू नका. सोडा.
मिरजेच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
लाल दिव्याच्या खोलीत फिल्म पाण्यातून वर काढली
की बरगड्यांचे चंद्र उगवायचे एकाखाली एक.
उजेड म्हणजे नासाडी, हे तिथलं पहिलं कलम.
दार किलकिलं झालं तरी
एखाद्याची अख्खी छाती काळीठिक्कर.

म्हणून कंद हातात आले तेव्हा वाटलं,
अंधाराचं मला कळतं.

सगुणा धनावडेनं दिले. मेढ्याकडची, खोकल्याची.
फिल्म वाळेपर्यंत बाकावर बसून राहिली,
जाताना साखरेच्या पिशवीतून सात काढले:
तीन फुटबॉल लिलीचे, मानेपाशी चेपलेले कांदेच जणू,
चार निशिगंधाचे, एकमेकांना बिलगलेले.
म्हणाली, आमच्यात तांबडी माती, पाणी थांबत न्हाई.
तुमची काळी. जपा, गुदमरत्यात.

मी मनावर घेतलं नाही.
काळी आई म्हणतात तिला,
आईजवळ कोण गुदमरतं?

श्रावणात ती फुगली, श्वास धरून बसली,
आणि सोडा म्हणायला तिथं कुणी नव्हतं.
भाद्रपदात उकरलं तर निशिगंधाचे दोन
बोटांतच विरघळले.
वास फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा.

पलीकडे दस्तगीरभाई तंबोरे करतात.
त्यांनी पोतंभर लाकडाचा भुसा दिला,
माती मोकळी होईल म्हणाले. झालीही.
पण पानं अशी पिवळी पडली
की सांगलीच्या पेठेत हळद म्हणून भाव मिळाला असता.
कच्चा भुसा मातीच्या तोंडचा घास काढतो,
हे मागून कळलं, नेहमीसारखं.
तो आता कोपऱ्यात शेणाबरोबर कुजतोय.

मग भट्टीवरचा विटांचा चुरा,
कृष्णाघाटाकडून घमेलंभर वाळू,
दोन उन्हाळे खाल्लेलं शेणखत,
आणि वाफा वीतभर उंच.
मूठ आवळायची, उघडायची:
ढेकूळ बोट लावताच फुटलं, तर लावा.
लिलीची मान मातीच्या वर ठेवा,
तिला बघायला आवडतं.

उजेडाचं राहिलंच होतं.
मार्गशीर्षातल्या एका रविवारी
भिंतीवर दर तासाला खडूनं रेघ मारली.
ऊन नऊला नळाशी, अकराला जास्वंदीपाशी,
साडेबाराला शेजारच्या टाकीची सावली आली
आणि चहा घेतल्याशिवाय न उठणाऱ्या
पाहुण्यासारखी बसली.
साडेतीन तास.
लिलीला पुष्कळ; तिला उन्हाची कड हवी, झळ नको.
निशिगंधाला पुरेना.
रात्री उमलणाऱ्याला इतकं ऊन कशाला, मी चिडलेच.
मग आठवलं, फिल्मसुद्धा
आधी एकदा उजेड बघते,
आणि उमटते ती अंधारात.

त्या दोघांना गच्चीवर नेलं,
डेव्हलपरचे रिकामे कॅन कापून, सात पाण्यांनी धुऊन,
तापल्या सळईनं तळाला भोकं पाडून.
आता सगळं संगणकावर येतं,
कॅन कुणालाच नको होते.

पौषात लिलीची पानं सुकली. मी पाणी तोडलं.
मेली, म्हणाली सून.
झोपलीय, म्हणाले मी, पण खात्री नव्हती.

सगुणा पुन्हा आली नाही.
तिच्या फिल्मवर उजवीकडे, खाली,
एक गोल होता, निशिगंधाच्या कंदाएवढा.
मी रिपोर्ट लिहीत नाही. मी फक्त फोटो काढते.
हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

वैशाखात, अंगणाला बोट जाईल एवढ्या भेगा,
आणि वाफ्यात एक जाड हिरवा दांडा,
त्यावर मूठ. दुसऱ्या दिवशी मूठ सैल.
तिसऱ्या दिवशी लाल गोळा, केसाळ, निर्लज्ज,
दस्तगीरभाई हातातला रंधा ठेवून बघायला आले.
माझ्या तोंडून सवयीनं निघालं, हलू नका.

निशिगंधानं अजून काही सांगितलेलं नाही.
भिंतीवरच्या रेघा पुसट झाल्यात,
पुन्हा माराव्या लागतील:
टाकीवाले आणखी एक मजला चढवतायत.