अभिप्रायवही

चार दिवस माझे फोटो टांगलेले होते
सांगलीत, एका पतसंस्थेच्या वरच्या हॉलात,
जिथं एरवी भागधारकांची सभा भरते
आणि ठराव मंजूर झाले की भडंग वाटतात.
बावीस फोटो. सगळे कुपवाडच्या एमआयडीसीतले.

दाराशी वही ठेवली, दोरीला पेन बांधून.
दुसऱ्या दिवशी पेन गेलं, दोरी राहिली.
अभिप्राय काही थांबले नाहीत,
लोक घरून पेन्सिली घेऊन आले.

मगदूम सर, चित्रकला, निवृत्त:
"तंत्र बरे. पण सौंदर्य कुठे आहे?"
सर, ते दुसऱ्या पाळीला असतं.
माझा गेटपास पहिल्या पाळीचा होता.

कुणीतरी लिहिलंय, कृष्णेचा घाट सोडून
ही धुराडी कशाला?
घाटावर गेलो होतो की ओ.
तिथं आधीच नऊजण तिकाटणी रोवून उभे,
आणि प्रत्येकाच्या सूर्योदयात उरलेले आठ.
धुराड्याखाली मी एकटा होतो.
आणि एक कुत्रं, पण ते कामावर होतं.

त्रिशलामावशी म्हणते, सगळं काळंच काय रे?
मावशी, काळंच आहे ते.
बिडाला पावडर लावून बसवायचं होतं का?
हळदकुंकू लावलेली लेथ आहे, खंडेनवमीची,
सात नंबरचा फोटो.
तू सहाला चहाकडं वळलीस.

"फोकस हललाय." – एक जाणकार, वय अंदाजे सोळा.
बाळ, फोकस जागेवर होता, जमीन हलली.
चारशे टनांचा प्रेस पडतो तेव्हा
खिशातली चिल्लरसुद्धा बोलते.
फोटो स्थिर आला असता
तर मालकानंच विचारलं असतं, प्रेस बंद का होता?

मालकांनी विचारलं ते वेगळंच.
उपाध्ये शेठ, मागं हात बांधून, बारा नंबरपुढं:
"आमच्या शेडमध्ये एवढा कचरा नसतो.
कॉम्प्युटरवर झाडून घ्या."
शेठ, झाडलं असतं,
पण झाडणाऱ्या आक्कांची हजेरी तुमच्या गेटवर लागते,
माझ्या कॉम्प्युटरवर नाही.

एवढी उत्तरं मी रात्री वहीतच लिहिली, समासात,
बारीक अक्षरात, स्वतःशी हसत.
मग एक पान आलं. सही नाही. तीनच शब्द:
"यात माणूस कुठाय?"
समास रिकामा ठेवला. पेन्सिलीला टोक केलं.
पुन्हा टोक केलं.

शेवटच्या दिवशी, हॉल बंद करताना,
दस्तगीर आला, फाउंड्रीतला फिटर,
डबा हातात, पाळी संपवून थेट.
त्यानं एकवीस फोटो बघितले
जसे आपण दुसऱ्याच्या लग्नाचे बघतो.
बाविसाव्यापुढं थांबला.
तो माझा लाडका फोटो: पहाटेची शेड,
नळाच्या सांध्यातून फुललेली वाफ,
तिच्यात अडकलेला उजेड.
मी वाट बघत राहिलो. सौंदर्य म्हणेल, निदान भारी म्हणेल.

तो म्हणाला, "गळतंय की ओ हे.
कधी काढलाय? गॅस्केट गेलंय त्याचं."
आणि चप्पल वाजवत जिना उतरला.
वहीत काही लिहिलं नाही.
त्या कागदावर, वाफेच्या मुळाशी,
त्याच्या बोटाचा काळा ठसा तेवढा राहिला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो.
तीच पहाट, तीच शेड, तोच कोन.
नवं गॅस्केट. कोरडा नळ.
वाफ नाही, उजेड बिचारा सरळ भिंतीवर पडलेला.
इतका कंटाळवाणा फोटो मी उभ्या जन्मात काढला नाही.

मगदूम सर, एकदा येऊन बघा,
तुमच्या मनासारखा स्वच्छ झालाय.
आणि ते बिनसहीचं पान ज्यांचं असेल त्यांना:
बाविसाव्यात, खाली, डाव्या बाजूला.
पुसू नका, मी मुद्दाम ठेवलाय.